पाण्याच्या पाळीचं घड्याळ

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: माणिकपूर, आमचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. हजर: मी, माझा नवरा, ऑफिसातल्या हिशेब विभागातली माझी मैत्रीण, तिचे सासरे म्हणजे भुईगावचे वाडीवाले काका. गैरहजर, पण सगळं बोलणं ज्याच्यावर झालं तो: सासऱ्यांचा धाकटा चुलतभाऊ.

मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कोण आलं, काय घेऊन आलं, कशासाठी आलं हे आधी लिहायचं आणि मग मालाला हात लावायचा, ही सवय घरीही सुटत नाही. घड्याळांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

घड्याळांचा नाद लागला तो स्टेशनजवळच्या भंगारवाल्यामुळे. जुना मिक्सर द्यायला गेले आणि बंद पडलेल्या चावीच्या घड्याळांची एक पिशवी घेऊन परत आले. पहिली दोन मी कायमची बिघडवली. तिसरं चाललं. तेव्हापासून नियम ठरलेले आहेत. फक्त चावी द्यायची जुनी मनगटी घड्याळं, सेलवाली नाहीत. पैसे घ्यायचे नाहीत, कारण पैसे घेतले की समोरच्याची घाई आपली होते. काढलेला प्रत्येक स्क्रू बर्फाच्या ट्रेच्या आपापल्या खणात. एका वेळी एकच घड्याळ उघडं. रविवारी नाश्त्याच्या बश्या उचलल्या की टेबल माझं. नवरा त्याला दवाखाना म्हणतो आणि सोफ्यावर बसून पेशंटच्या नातेवाइकांची करमणूक करतो.

त्या दिवशीचा पेशंट होता पांढऱ्या तबकडीचं, साध्या काट्यांचं देशी घड्याळ. काच ओरखडलेली, पट्टा नवा. काकांनी ते मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं, पण बोट त्यावरून उचललं नाही.

"हे घड्याळ खोटं बोलतं का, एवढंच सांग बाय," ते म्हणाले. "उघडायचं नाही."

"काका, न उघडता कसं कळणार?" नवरा सोफ्यावरून म्हणाला.

"का? ताप बघायला डॉक्टर पोट फाडतो?"

नवरा पुन्हा वर्तमानपत्रात गेला. काका घरात त्यांच्या गावबोलीत बोलतात, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी, आणि ती एकदम धारदार.

प्रकरण असं होतं. भुईगावात काकांची आणि त्यांच्या चुलतभावाची वाडी शेजारी शेजारी, आणि दोघांत मिळून एक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्यावर एक मोटर. पावसाळा संपला की पाण्याच्या पाळ्या सुरू होतात. पहाटे पहिले दोन तास मोठ्या घराचे, म्हणजे काकांचे. त्यांच्या सोनचाफ्याला आणि केळीला पाणी जातं. मग काका "झालं!" अशी हाक देतात आणि पाट चुलतभावाच्या भाजीकडे, मुळ्याकडे वळतो. डिसेंबरनंतर बावखल आटत जातं. पहिल्याने जास्त घेतलं तर दुसऱ्याच्या वाट्याला गाळ येतो.

वेळ बघायची ती काकांच्या घड्याळात. त्यांच्या वडिलांच्या वेळी वडिलांच्या घड्याळात बघत, आता काकांच्या. पाळीपुरतं ते मोटरच्या खोलीतल्या खिळ्यावर टांगलेलं असतं, म्हणजे पाण्याने भिजत नाही आणि कोणालाही बघता येतं. इतकी वर्षं त्यावर कोणी शंका घेतली नव्हती. पण चुलतभाऊ मुंबईतली नोकरी संपवून वाडीत राहायला आला, त्याच्या मुलीने त्याला पावलं मोजणारं घड्याळ दिलं, आणि त्या घड्याळाने पावलांबरोबर काकांची पाळीही मोजली. गेल्या थंडीत तो कुरकुरला. या थंडीत, आठवड्यापूर्वी, फुलांचा टेम्पो दारात उभा असताना तो मोठ्याने बोलला.

"काय बोलले?" मी विचारलं.

उत्तर मैत्रिणीने दिलं, खाली बघत, "पाणीचोर."

काकांचं वय ऐंशीच्या आसपास. त्यांचा चाफा टेम्पोवाला न मोजता घेतो, कारण काकांनी सांगितलेला आकडा आजवर चुकलेला नाही. त्या माणसासमोर हा शब्द. म्हणून ते आले होते. त्यांना दुरुस्ती नको होती, निवाडा हवा होता.

मी फोनवरचं अॅप लावलं. ते घड्याळाची टिकटिक ऐकून ते पुढे पळतंय की मागे रेंगाळतंय हे सांगतं. तबकडी वर करून, खाली करून, चावी उजवीकडे, डावीकडे, सगळं बघितलं. घड्याळ उत्तम चाललं होतं. त्या वयाच्या घड्याळाला शोभण्यापेक्षा जास्तच उत्तम.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"लिहून दे."

"नाही देणार."

"का? ठीक आहे म्हणालीस ना?"

"काका, तासाभराच्या तपासणीवर मी कशावरच सही करत नाही. आठवडाभर ठेवून जा."

"आणि पाळी? ती काय भिंतीवरच्या पालीला विचारून करू?"

मी दुसरं घड्याळ देऊ केलं. ते त्यांना चालणार नव्हतं. पाळी याच घड्याळावर चालते, आणि भांडणाच्या मधेच घड्याळ बदललं तर तीच चोरीची कबुली. यात तथ्य होतं. मग मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागे पडतं का? थंडीत पडतं थोडं. किती? रात्री रेडिओच्या बातम्यांवर जुळवतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघतो. उन्हाळ्यात? अजिबात नाही.

"म्हातारं झालंय. थंडीत मीही आखडतो," काका म्हणाले. "आता तूच हिशेब कर. अख्ख्या दिवसरात्रीत वीस मिनिटं. मग दोन तासांत किती? दीड मिनिट, पावणेदोन. पावणेदोन मिनिटांच्या पाण्यासाठी मला चोर म्हणायचं?"

हिशेब बरोबर होता. मैत्रिणीने मान डोलावली, आणि ती हिशेबात चुकत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: घड्याळ दिवसभर सारखंच मागे पडतं. स्टोअरमध्ये महिन्याला दहा किलो खिळे कमी भरले, तर ते रोज थोडेथोडे गेले असं मी धरत नाही. ते कधी गेले ते बघते.

"पाळी सोडून बाकीचा दिवस घड्याळ कुठे असतं?"

"हातात. झोपतानाही हातात."

"म्हणजे फक्त पाळीच्या वेळी खिळ्यावर."

"हो."

"पुढच्या रविवारी पहाटे मी येते," मी म्हणाले. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. पहाटे कोण येणार आहे, हे त्याला समजलं होतं.

त्या रविवारी स्कूटरवरून भुईगावला पोचेपर्यंत बोटं बधिर झाली. आपल्याकडची थंडी ती किती, पण वाडीत झाडांखाली दव आणि पश्चिमेकडून वारा, त्यामुळे स्वेटरवर शाल घ्यावी लागली. मी माझं एक घड्याळ बरोबर घेतलं होतं, स्वतः साफ केलेलं, महिनाभर पारखलेलं. शिवाय टॉर्च, भिंग आणि चहाचा थर्मास.

मोटरची खोली म्हणजे विटांच्या तीन भिंती आणि वर पत्रा. काकांनी आत देवाला हात जोडले, घड्याळ काढून खिळ्यावर अडकवलं, मी माझं शेजारच्या खिळ्यावर. दोन्ही एका वेळेला जुळवली. काकांनी बटण दाबलं. मोटरचा आवाज झाला, भिंत थरथरू लागली आणि पाटात पाणी आलं.

चुलतभाऊ हद्दीवरच्या अनंताच्या झाडापाशी उभा होता. पायात चालायचे बूट, हातात कप.

"दादा, आज साक्षीदार आणलेत वाटतं?"

"आम्ही घड्याळाच्या पक्षाचे," नवरा म्हणाला.

"मग चहा घ्या. घड्याळाच्या पक्षाला उठायला उशीर होतो, असं ऐकून आहे."

काका केळीकडे वळले. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण खुरपं जमिनीत जोरात रुतलं.

मी खिळ्यासमोर बसायचा पाट टाकून बसले. सुरुवातीला दोन्ही घड्याळं बरोबर चालली. हाताची ऊब अजून त्यांच्यात होती. मग वारा पत्र्याखालून आत येत राहिला, आणि काकांच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळला. थांबला. मी श्वास धरून बघत होते. भिंत थरथरतच होती, आणि त्या हादऱ्याने काटा पुन्हा हलला, थोडा चालला, पुन्हा थांबला. मोटर त्याला ढोसत होती आणि ते डुलक्या घेत होतं. दारातून एखादी नजर टाकणाऱ्या माणसाला ते नेहमी चालूच दिसलं असतं. वीस मिनिटं दिवसभर सांडत नव्हती. सगळी इथेच सांडत होती, पाण्याच्या वेळेला.

माझ्या घड्याळात दोन तास झाले. त्यांच्या घड्याळात चांगला पाव तास बाकी होता. मी काकांना हाक मारली.

ते आले, हात पुसले, चष्मा लावला. दोन्ही घड्याळं बघितली.

"तुझं पुढे पळतंय," ते म्हणाले.

"काका, माझं, मोबाइलचं आणि तिकडे उभ्या असलेल्यांचं, तिन्ही एकच आहेत."

पलीकडून आवाज आला, "दादा, झालं का हो?" या वेळी त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

काकांनी वाकून बटण बंद केलं. रोजची "झालं!" ही हाक त्या दिवशी आली नाही. खिळ्यावरून घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"उघड," ते म्हणाले.

आम्ही तसेच माणिकपूरला आलो, काका आणि मैत्रीण रिक्षाने. मोटरच्या खोलीतला गारवा घड्याळात अजून होता. मी मागचं झाकण काढलं आणि भिंग लावायच्या आधीच वास आला. खोबरेल. दुकानातलं नव्हे, घरी नारळाचं दूध आटवून काढतात ते, जरा करपूस.

आत चाकांच्या दातांत आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या वेटोळ्यांत पांढरं, लोण्यासारखं गोठलेलं तेल होतं. ज्या चाकाने सारखं इकडून तिकडे झुलायचं, ते त्यात रुतून उभं होतं.

"याला तेल कोणी दिलं?"

"मीच." काका ताठ बसले. "दर दसऱ्याला. हत्यारं साफ करून तेल देऊन पूजायची असतात की नाही? कोयता, पहार, तराजू, मोटर, घड्याळ. आमच्यात सगळ्यांना देतात. कलमाच्या सुरीने झाकण काढायचं आणि झाडूच्या हिराने एक थेंब. वाडीतल्या नारळाचं तेल, दुसरं नाही."

माझ्या टेबलावर आजवर शिवणयंत्राचं तेल, स्कूटरचं तेल आणि एकदा बाळाच्या मालिशचं तेल असलेली घड्याळं आली आहेत. भक्तीने दिलेलं तेल पहिल्यांदाच बघत होते. मी भिंग काकांच्या हातात दिलं आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

"बघत राहा."

दिव्याच्या उबेने पांढऱ्याचं पाणी होत गेलं. आधी कडा, मग मधला गोळा. मग ते चाक हलकेच हललं, पुन्हा हललं, आणि कोणी हात न लावता झुलायला लागलं. टिकटिक सुरू झाली. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. जानेवारीत डोक्याला लावायच्या तेलाची बाटली उन्हात ठेवणारा माणूस होता तो.

"म्हणजे चोरी झालीच," काका म्हणाले.

"बाबा, चोरी कसली? चूक झाली," मैत्रीण म्हणाली.

"पाणी गेलं ते गेलं. त्याच्या मुळ्याला काय माहीत, चोरी की चूक?"

"मग आता सांगत बसू नका ना. ही साफ करून देईल, उद्यापासून पाळी बरोबर होईल. विषय संपला. धाकट्या काकांना कळलं तर जन्मभर ऐकवतील."

मी मधे पडले नाही. घड्याळाबद्दल मी मत देते, घराबद्दल नाही. पण काका भिंगातून बघतच राहिले, मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"धुऊ नको हे," ते मला म्हणाले. "आठवडाभर असंच ठेव. त्याला बघू दे."

पुढच्या रविवारी काका आणि त्यांचा चुलतभाऊ एकाच रिक्षाने आले, दोघांच्या मधे मैत्रीण. मी घड्याळ रात्रभर खिडकीत ठेवलं होतं, त्यामुळे तेल पुन्हा गोठलेलं होतं. चुलतभावाला मी सगळं परत दाखवलं: गोठणं, दिवा, वितळणं. तो नोकरीत फायली बघायचा तसा बघत होता, शंका काढत. मग वाकून त्याने वास घेतला आणि त्याची फाइल मिटली.

"दादा, हा आपल्या घरचा वास आहे."

"आहेच. काकूने काढलेलं तेल आठवतंय ना? तसंच काढतो अजून." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "आता ऐक. तू म्हणालास ते खरं निघालं. तुझं पाणी मी घेतलं. ठाऊक नव्हतं, पण घेतलं. तेव्हा आता पावसाळा येईपर्यंत पहिली पाळी तुझी."

"काहीतरीच काय! पहिली पाळी मोठ्या घराची. मला फक्त वेळेवर पाणी हवं होतं."

"वेळेवरच मिळेल. पहिल्यांदा."

"आणि अख्ख्या गावात बोंब होऊ दे, म्हाताऱ्याला बाजूला सारून धाकटा मोटरीवर बसला?"

"चोर म्हणालास तेव्हा नाही झाली बोंब?"

"ते रागात बोललो हो दादा."

"टेम्पोवाल्यासमोर बोललास. टेम्पोचं इंजिन चालू होतं, तरी त्याला ऐकू गेलं."

नवऱ्याने विचारलं, "चहा टाकू?" दोघं एकदम म्हणाले, "टाका."

चहा अर्धा झाल्यावर चुलतभावाने कप ठेवला. "शब्द परत घेतो. तिथेच, टेम्पोवाल्यासमोर. पण ज्या दिवशी हे घड्याळ पुन्हा खिळ्यावर लागेल त्या दिवशी. आज घेतला तर तो विचारेल, घड्याळ कुठे आहे? काय सांगू? माणिकपूरला तुकड्यात आहे?"

"आणि पाळी याच्यावरच?" काकांनी विचारलं. मला वाटतं त्यांना सगळ्यात जास्त धाक याच उत्तराचा होता.

"मग कशावर? माझं मेलं हात खाली केला की काळं होतं. खिळ्यावर टांगून काय उपयोग?"

असं सगळं ठरलं, म्हणून मी वहीत ठरलं असं लिहिलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीने डबा उघडायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. पहाटे मोटर सुरूच झाली नव्हती. बाबा ओट्यावर बसून चुलतभाऊ उठायची वाट बघत होते, कारण पहिली पाळी त्याची. तो अनंताच्या झाडाखाली उभा राहून बाबांची वाट बघत होता, कारण मोठ्याच्या आधी बटण कसं दाबायचं? दोघं एकमेकांना दिसत होते. दोघं खोकत होते. मंगळवारीही तेच.

बुधवारी तिने स्वतः जाऊन बटण दाबलं.

"मी दोघांना म्हटलं, आजपासून बटण माझं. पाणी मुळ्याला जातंय की चाफ्याला, ते तुम्ही पाटावर उभं राहून ठरवा. मला ऑफिस आहे."

"मग?"

"बाबांनी मुळ्याकडे पाट फोडला आणि पाठ करून बसले. धाकटे काका म्हणाले, 'दादा, निदान बघा तरी.' मग बघत बसले दोघं."

खिळ्यावर तेव्हा माझं घड्याळ होतं. कोणी तक्रार केली नाही.

इकडे मी कामाला लागले. घड्याळाचा सुटा झालेला प्रत्येक भाग लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुतला, दोनदा. खोबरेल चिवट असतं, जुनं झालं की कडांना पिवळं वार्निशासारखं धरतं. ते लाकडी काडी तासून तिच्या टोकाने खरवडून काढावं लागलं. केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. ती मोकळी करताना मी फोन बंद करते, दाराला आतून कडी लावते आणि नवऱ्याला बोलायची बंदी असते. एका चाकाच्या आसाच्या टोकाला गंज लागला होता. माझ्या भंगाराच्या डब्यात त्याच जातीचं एक मेलेलं घड्याळ होतं, त्याचं चाक बसलं. घड्याळाचं तेल टाचणीच्या टोकापेक्षाही कमी लागतं, आणि ते नेमक्या जागी: चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या बारीक खड्यांच्या खळग्यांत, दुसरीकडे नाही. स्प्रिंगला तर मुळीच नाही. तबकडी बसवली, काटे बसवले. आता ते गार खिडकीतही तसंच चालतं जसं टेबलावर. हे मी दोन आठवडे बघितलं, तेव्हा यावर मी कुठेही सही करीन.

मग काकांनी अट घातली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते काम बघायला आले होते.

"दसऱ्याला झाकण उघडायचं नाही म्हणतेस, मान्य," ते म्हणाले. "फूल वाहीन, हळदकुंकू काचेला लावीन. पण यात एक थेंब माझ्या हातचा जाऊ दे. त्याशिवाय ते माझं कसं राहील? तुझंच होऊन जाईल."

माझ्या नियमांत हे बसत नव्हतं. दुसऱ्याचा हात माझ्या उघड्या घड्याळात कधी गेलेला नाही. पण झुलणाऱ्या चाकाच्या वर एक बारीक खडा असतो, एका चिमुकल्या स्प्रिंगखाली दाबलेला. त्याचं तेल अगदी शेवटी देता येतं, बाकी सगळं जागेवर असताना. स्प्रिंगचं पातं उघडायचं, खडा उचलायचा, त्यावर थेंब, खडा परत, पातं बंद. चाफ्यावर कलमं बांधणारे हात आहेत, थरथरत नाहीत. मी हो म्हणाले, त्या खड्याला मी दिलेलं तेल पुसून काढलं, पण आधी भंगारातल्या घड्याळावर सराव, आणि तयार झालात की नाही ते मी ठरवणार.

"परीक्षा घेणार?"

"घेणार."

"नापास केलंस तर?"

"पुढच्या रविवारी पुन्हा."

पहिल्या रविवारी स्प्रिंग उडाली. ती तांदळाच्या कणीहून लहान असते आणि उडाली की आवाजही करत नाही. नवऱ्याने सोफा उलटा केला, चुंबक फिरवला. काका जमिनीवर बसून टॉर्च धरत होते आणि मधूनमधून सांगत होते, "डावीकडे बघा, मला तिकडे गेल्यासारखी वाटली." सापडली ती त्यांच्याच सदऱ्याच्या घडीत. दुसऱ्या रविवारी खडा उपडा बसला. त्यानंतरच्या रविवारी सगळं नीट झालं, पण थेंब मोठा पडला आणि तेल ओघळून स्प्रिंगवर गेलं.

"देवाला वाहिल्यासारखं घालू नका," मी म्हणाले.

"सवय आहे, काय करू? देताना हात आखडत नाही आमचा."

"इथे आखडायचा."

फेब्रुवारी संपत आला आहे. बावखलाचं पाणी खाली चाललंय. चुलतभाऊ रोज मैत्रिणीला विचारतो, दादा पास झाले का. परवा टेम्पोवाल्याने स्वतःहून विचारलं, बाबांच्या हातात घड्याळ कसं नाही हल्ली? काकांनी फक्त फुलांचा आकडा सांगितला, म्हणे. चुलतभाऊ फुलांची पाटी उगाचच इकडची तिकडे करत राहिला.

काका आता भंगारातल्या घड्याळावर तीनदा केलं की दोनदा बरोबर करतात. दोनदा मला पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही नाही. गेल्या रविवारी मीच म्हणाले, आज करून टाकूया का? त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

त्यांचं घड्याळ टेबलाच्या कोपऱ्यात उपड्या काचेच्या वाडग्याखाली आहे, झाकण न लावता. वरच्या खड्याला तेल द्यायचं बाकी.